गटनेता म्हणजे कोणाचा नेता, गटाचा की पक्षाचा?

भाषांतरवाली
एका मासिकासाठी पक्षांतरबंदीवरचा इंग्रजी लेख मराठीत करतेय. ‘पोलिटिकल पार्टी’ (म्हणजे अख्खा पक्ष) आणि ‘लेजिस्लेचर पार्टी’ (म्हणजे त्या पक्षाचे सभागृहातले आमदार) यातल्या फरकावरच अख्खा लेख उभा आहे. मी ‘राजकीय पक्ष’ आणि ‘विधिमंडळ पक्ष’ केलं, त्याच्या लीडरला ‘विधिमंडळ पक्षनेता’. संपादकांनी सगळीकडं ‘गटनेता’ करून परत पाठवलं, म्हणे वाचकाला हाच कळतो. आता एक वाक्य असं झालंय: ‘21 जून 2022 ला शिवसेनेने एकनाथ शिंदे यांना गटनेतेपदावरून हटवून अजय चौधरींना गटनेता केले, तर शिंदे गटाने शिंदे हेच गटनेते असल्याचा ठराव केला.’ एका वाक्यात चार वेळा गट आणि तेही दोन अर्थांनी. माझ्या कानाला गट म्हणजे फुटून निघालेला तुकडा. मग सगळ्या आमदारांच्या नेत्याला गटनेता कसं म्हणायचं?

जुना वार्ताहर
ताई, संपादकांचं बरोबर आहे. आम्ही वर्षानुवर्षं गटनेताच लिहीत आलो. तो शब्द वर विधानसभेत गेला तो खालून, नगरपालिका-महापालिकांतून, असं माझं मत. निवडणूक झाली की नगरसेवक बस करून कोकण भवनला जाणार, विभागीय आयुक्तांकडं गट नोंदवणार, गटनेत्याचं नाव देणार. 1986 चा स्थानिक प्राधिकरणांचा अनर्हता, म्हणजे अपात्रतेचा, कायदा आहे त्यामुळं हे सगळं चालतं. तिथं गट म्हणजे सभागृहातली त्या पक्षाची माणसं एवढंच, फूटबीट काही नाही. गट म्हणजे तुकडा हे 2022 नंतरचं कान आहे.

मुक्काम यवतमाळ
2022 नंतरचं कसं काय? गटबाजी हा शब्द आमच्या आजोबांच्या तोंडी होता, तोही काँग्रेसबद्दल. आणि गट किती प्रकारचे! झेडपीचा गट म्हणजे मतदारसंघ, सातबाऱ्यावर गट नंबर, बायकांचा बचत गट, पंचायत समितीत गटविकास अधिकारी. माझ्या चुलत्याला गावात सगळे गटनेते म्हणायचे कारण ते झेडपीच्या गटात पुढारी होते, सभागृहात कधी गेलेच नाहीत.

सुमेधा
काँग्रेसचं मात्र बघा, त्यांच्या नेत्याला पेपरवाले बहुतेक वेळा ‘विधिमंडळ पक्षनेते’च लिहितात. फेब्रुवारी 2023 ला सत्यजीत तांबे प्रकरणात तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष पटोले यांच्याशी बिनसल्यावर थोरातांनी राजीनामा दिला तो विधिमंडळ पक्षनेतेपदाचा, आणि शिंदे, अजितदादा हे गटनेते. मला वाटतं काँग्रेसमध्ये गट म्हटलं की लगेच ‘कोणाचा’ असं विचारायची सवय, म्हणून तिथं तो शब्द टाळला असावा. पुरावा नाही माझ्याकडं, पण पटतंय मला.

मायमराठी
सगळे ‘विधिमंडळ’ लिहिताय, सचिवालयाच्या पाटीवर ‘महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय’ आहे. आधी ते सुधारा. आणि गटनेता काढून ‘दलनेता’ करा, हिंदीत विधायक दल आहेच.

सुमेधा
अहो पण विधायक म्हणजे मराठीत चांगलं, उभारणीचं काम, हिंदीत आमदार. एका भाषांतरित बातमीत ‘विधायक दलाची बैठक’ वाचून माझ्या सासूबाईंना वाटलं वृक्षारोपण करणारं मंडळ असेल. हिंदीतून आणायचं तर इंग्रजीनं काय घोडं मारलंय?

मायमराठी
हिंदीतून नाही, संस्कृतातून. सावरकरांचा महापौर आज कुणाला खटकतो? वापरत राहिलं की शब्द रुळतो, आपणच आधी हात वर करतो.

वकीलसाहेब
रुळणं नंतर बघू, इथं अर्थच बदलतोय. 11 मे 2023 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की व्हिप (पक्षाचा मतदानाचा आदेश आमदारांवर बजावणारा) आणि सभागृहातला नेता नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही, आणि विधानसभा अध्यक्षांनी 3 जुलै 2022 ला शिंदे गटाच्या गोगावलेंना प्रतोद म्हणून मान्यता दिली ती बेकायदा. पुढं 10 जानेवारी 2024 ला अध्यक्ष नार्वेकरांनी शिंदेंचा पक्ष हाच खरा पक्ष धरला आणि त्या हिशोबानं गोगावलेंची नेमणूक वैध ठरवली. म्हणजे सगळं भांडण याच दोन शब्दांतल्या फरकाचं. ताईंच्या लेखात दोन्हीला गट म्हटलं तर वाचकाला काय कळणार? गटानं निवडलेला तो गटनेता असंच तो धरणार, आणि कोर्ट म्हणतंय पक्षानं नेमलेला. मी तरी ‘विधिमंडळ पक्षनेता’ सोडणार नाही, लांब झाला तरी चालेल.

जुना वार्ताहर
वकीलसाहेब, मथळ्यात बसत नाही हो तो. 23 नोव्हेंबर 2019 आठवा. राष्ट्रवादीच्या 54 आमदारांच्या सह्यांचं पत्र अजितदादांकडं गटनेते म्हणून होतं, त्यावर पहाटेचा शपथविधी झाला, आणि त्याच दिवशी पक्षानं त्यांना काढून अधिकार जयंत पाटलांना दिले. दिवसभर एकच प्रश्न, गटनेता कोण, व्हिप कोणाचा. तेव्हा कोणाला वाटलं का की हा एका तुकड्याचा नेता? सगळ्या महाराष्ट्राला कळला शब्द.

पणजीकर
आमच्या गोव्यात ‘विधिमंडळ गट’ सर्रास चालतो. जुलै 2019 ला काँग्रेसचे 10 आमदार तेव्हाचे विरोधी पक्षनेते कवळेकर यांच्यासकट भाजपात गेले, सप्टेंबर 2022 ला परत 8, लोबो आणि कामत धरून. दोन्ही वेळी बातम्यांत ‘विधिमंडळ गट विलीन’. गट विलीन झाला म्हटलं की ऐकायला लहान गोष्ट वाटते, आणि ज्यांनी हाताला मत दिलं त्यांना काय वाटलं ते त्या शब्दात कुठं येतच नाही. मला याचा राग आहे अजून.

मायमराठी
वर सगळे ‘व्हिप’ म्हणताय. प्रतोद असताना? प्र अधिक तोड, फुटणाऱ्यांना तोडून टाकणारा.

संस्कृतप्रेमी
तोडणेशी काही संबंध नाही. तुद् धातू, टोचणे. मर्मावर टोचणारं ते अरुंतुद, त्यातला हाच. महाभारतात भीष्मांवर धावून जाणारा कृष्ण प्रतोद हातात घेऊनच रथातून उतरतो. गीतेच्या ध्यानश्लोकातलं ‘तोत्रवेत्रैकपाणये’, त्यातलं तोत्रही त्याच घरचं. इंग्रजी व्हिप शिकारीतून आला, कुत्र्यांचा कळप भरकटू न देणारा माणूस तो. आपला शब्द सारथ्याच्या हातातला आहे आणि मला तो जास्त आवडतो.

सुमेधा
पण वापर बघा ना, ‘प्रतोदांनी व्हिप बजावला’ असंच म्हणतो आपण, ‘प्रतोद बजावला’ कोणी म्हणत नाही. माणूस तो प्रतोद, आदेश तो व्हिप. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, आपण दोन करून घेतले. हे लोकांनी केलं, समितीनं नाही. व्हिपऐवजी पक्षादेश लिहिला तर मला तो दिल्लीहून आलेला फोन वाटतो, केंद्रीय निरीक्षक आणि एका ओळीचा ठराव वगैरे.

मुक्काम यवतमाळ
टोचायच्या काठीला आमच्याकडं तुतारी म्हणतात. पुढं बारीक खिळा असतो, बैल आळसावला की लावायची. पश्चिम महाराष्ट्रातली मंडळी म्हणतात तुतारी वाजवतात, आम्ही टोचतो. पोळ्याच्या दिवशी बाप तुतारीला हात लावू देत नसे.

जुना वार्ताहर
आमच्या साताऱ्याकडं पराणी. खिळ्याला आर म्हणायचे.

भाषांतरवाली
हे सगळं छान आहे, प्रतोदाचं मी वहीत उतरून घेतलं. पण उद्या लेख द्यायचाय. वकीलसाहेबांचं ऐकून कोर्टाच्या भागात विधिमंडळ पक्षनेता ठेवते आणि 2019 च्या भागात गटनेता? एकाच लेखात दोन चालतील का?

मायमराठी
विधानमंडळ.

मुक्काम यवतमाळ
आर म्हणजे फक्त खिळा की काठीसकट? आमच्याकडं आर चांभाराच्या हत्याराला पण म्हणतात, चामड्याला भोक पाडायचं ते.