क्रेझी क्विल्ट : आत कापूस घालायचा का?

सुईदोरा
१८८० च्या दशकात अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत असायचे तसले क्रेझी क्विल्ट (वेड्यावाकड्या आकाराचे तुकडे जोडून कडांवर भरतकाम केलेले) करायला घेतले आहे. जुन्या साड्यांचे रेशीम, साटीन आणि मखमल. ३० सेंमीचे नऊ चौकोन. शिवताना मखमल सरकते. भरतकाम झाल्यावर पहिला चौकोन आक्रसून २८ चा झाला. आत कापूस घालून गोधडीसारखा आरपार धावदोरा घालायचा का?

उभाआडवा
कापूस नको. हे पांघरायचं नव्हतंच मुळी, सोफ्यावर किंवा पियानोवर दिसेल असं टाकून ठेवायचं. गोधडीत धावदोरा थर धरून ठेवतो. इथे ते काम खालचा मांजरपाट करतो, कारण प्रत्येक तुकडा त्याच्यावरच शिवलेला असतो. शेवटी अस्तर लावा आणि दर १०-१२ सेंमीवर आरपार दोरा घालून एकेक गाठ मारा, झालं.

आक्रसलं कारण मांजरपाट नेमका ३० चा कापला असणार, कदाचित न धुताच. आधी धुऊन, इस्त्री करून ३५ सेंमीचा कापा, मधोमध ३० चा चौकोन आखा. भरतकाम संपल्यावरच छाटायचा, तोही ३२ वर: चारी बाजूंना १ सेंमी शिलाईसाठी. दोरा ओढून घेतलात तर मात्र ३५ सुद्धा पुरणार नाही.

मखमलीचं म्हणाल, तर दोन मखमली समोरासमोर ठेवून शिवल्या की लव एकमेकींना ढकलते. मखमलीची कड न दुमडता सपाट खाली ठेवा, शेजारच्या साटीनची कड ६ मिमी दुमडून तिच्यावर चढवा, कच्चा टाका घाला आणि त्या कडेवरून फेदर स्टिच किंवा हेरिंगबोन यांपैकी एखादा भरतकामाचा टाका. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल. भरतकामाची रिंग मखमलीवर आवळू नका. वळ उठतो तो जात नाही.

जुनं_रेशीम
त्या काळचं खरं रेशीम हाती लागलं तर हुरळून जाऊ नका. रेशमावरचा नैसर्गिक डिंक काढला की वजन २०-२५ टक्के घटतं. रेशीम विकलं जायचं वजनावर, त्यामुळे कथिलाचे नि लोखंडाचे क्षार पाजून ती तूट भरून काढत. असं रेशीम उभं चिरत जातं. शेजारची मखमल धडधाकट आणि हा तुकडा चिंध्या, हे जुन्या क्विल्टांत नेहमी दिसतं. धुवायचं तर नावच नको, वर बारीक जाळी शिवून झाकतात.

साडीचं रेशीम घडीच्या रेषेवर तपासा. उजेडात धरून हलकेच ताणा. चीर पडली तर तो भाग बाद. फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवलं तरी टाक्याच्या भोकांपासून पुन्हा फाटेल. नुसतं विरळ झालं असेल तर मात्र पातळ फ्युजिंग चालतं.

सुईदोरा
आणि कडांना एकच टाका सगळीकडे चालेल?

उभाआडवा
चालेल, पण मग मजा काय! शेजारच्या दोन कडांना टाका वेगळा ठेवा. दोरा तुकड्यांपेक्षा उठून दिसेल असा घ्या. मखमलीवर सहापदरी दोऱ्याचे तीन पदर तरी हवेत, एकपदरी टाका लवेत बुडतो.