दोन बाथरूम आणि स्वयंपाकघर नव्याने करायचंय, कंत्राटदार कसा निवडावा?

नवंघर: जुनी फरशी, टाइल्स, पाइप, वायरिंग सगळं काढून नवं करायचं आहे. तीन जणांनी आकडे दिलेत. त्यातल्या सर्वांत स्वस्ताने एका ओळीत एकच रक्कम लिहिली आहे आणि चाळीस टक्के आगाऊ मागतोय. बाकी दोघांचे आकडे बरेच वर आहेत, पण त्यांनीही तपशील दिलेला नाही. तुलना करायची तरी कशी?

ओळंबा: या तीन आकड्यांची तुलना होऊच शकत नाही, कारण तिघांनी तीन वेगळी कामं धरली असणार. कामाची यादी आधी तुम्ही तयार करा आणि तिघांनाही तीच द्या. तोडफोड, राडारोडा खाली नेऊन बाहेर टाकणं, पाइप, वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, टाइल्स, वायरिंग, रंग, दरवाजे यांपैकी प्रत्येकाचं माप, दर आणि मालाचा ब्रँड व ग्रेड वेगवेगळा लिहून मागा. स्वस्त आकड्यातून बहुतेक वेळा राडारोडा, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्सचा चिकटा गायब असतो. काम अर्ध्यावर आलं की तेच ‘एक्स्ट्रा’ म्हणून परत येतं.

माप कसं धरणार तेही लिहून घ्या. दरवाजा-खिडकीची जागा वजा करायची की नाही, स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची टाइलची पट्टी) रनिंग म्हणजे लांबीच्या फुटाने की चौरस फुटाने, भांडणं नेमकी इथे होतात. टाइल्स मापापेक्षा १० टक्के जास्त घ्या, तिरप्या मांडणीला १५. सगळे बॉक्स एकाच बॅच आणि शेडचे असल्याचं उतरवतानाच बघा, नंतर तोच शेड मिळेलच असं नाही.

पाणसळ: चाळीस टक्के आगाऊ अजिबात देऊ नका. १० टक्के पुरे. महागडा माल तुम्ही स्वतः दुकानदाराला पैसे देऊन आणा. पुढचे हप्ते तारखेला बांधू नका, झाकल्या जाणाऱ्या कामाच्या चाचणीला बांधा.

पहिली चाचणी पाइपांची. सांधे जोडल्यावर २४ तास जाऊ द्या. मग लाइनमधली हवा काढून कामाच्या (रोजच्या वापरातल्या) दाबाच्या दीडपट दाब द्या. एक-दोन तासांत दाबमापकाचा काटा खाली आला नाही तरच झिऱ्या (पाइपांसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा) बुजवू द्यायच्या. त्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा; पुढे ड्रिल मारताना पाइप कुठे आहे ते कळतं.

दुसरी चाचणी वॉटरप्रूफिंगची, हिच्यावर तडजोड नको. दोन कोट हवेत, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीवर किमान फूटभर वर आणि शॉवरपाशी सहा फुटांपर्यंत. कोपरे आणि नहाणी ट्रॅपची (फरशीतलं पाणी वाहून जायचं तोंड) कड इथेच गळती सुरू होते, तिथे कोटमध्ये फायबरची जाळी बसवून घ्या. कोट नीट वाळला की ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरा, पेन्सिलने पातळीची खूण करा आणि ४८ तास थांबा. खालच्या छतावर ओल नाही आणि पातळीही फारशी उतरली नाही (थोडं बाष्पीभवन होतंच) तरच पुढचा हप्ता. टाइल्स बसल्यावर गळती सापडली तर सगळं पुन्हा तोडावं लागतं.

रंधा: पाणसळ यांच्याशी सहमत. फरशीचं पाहून घ्या: बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपकडे मीटरमागे किमान १ सेंमी उतार हवा. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी शोषतच नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळाला ती धरत नाही. तिला अ‍ॅडहेसिव्ह म्हणजे टाइल्सचा चिकटा हवा, तोही दातेरी थापीने पूर्ण पाठीवर पसरलेला. चार कोपऱ्यांना गोळे लावून टाइल चिकटवली की मधे पोकळी राहते आणि जड वस्तू पडली की ती तिथेच फुटते. हप्ता देण्याआधी प्रत्येक टाइल नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर खडूने फुली मारा, ती बदलून घ्या.

नवंघर: आणि मधेच काम वाढलं तर?

ओळंबा: आधी कागद, मग काम. काय वाढलं, दर किती, मुदत किती दिवसांनी पुढे जाईल हे दोघांच्या सहीनिशी, नाही तर निदान मेसेजवर. शेवटचे १० टक्के काम संपल्यावर तीन महिने राखून ठेवा आणि हे करारातच घाला, नंतर बोललात तर तो ऐकणार नाही. निवडण्याआधी त्याचं एक चालू असलेलं काम जाऊन पाहा. सिमेंट ओलीपासून उचलून ठेवलंय का, मजूर त्याचेच की दर आठवड्याला नवे, हे तिथे दहा मिनिटांत दिसतं.