उत्खननात सापडलं म्हणजे खरंच असतं काय?

खानापूरचा वाटसरू:
परवा आमच्या ग्रुपवर परत तेच फॉरवर्ड, अमुक गावात दोन हजार वर्षांपूर्वीची मूर्ती सापडली, खाली सगळ्यांनी हात जोडलेले आणि हा आकडा आला कुठनं हे एकानंबी विचारलं नाही. दगडाचं कार्बन डेटिंग होत नाही ओ, ते कोळसा, हाड, लाकूड, धान्य असल्या कधीतरी जिवंत असलेल्या गोष्टींचं होतं. मग मूर्तीचं वय बहुतेकदा घडणीवरनं ठरवतात, म्हणजे शेवटी कुणाचं तरी मतच की. आणि तज्ज्ञपण फसतात. १९१२ ला इंग्लंडात पिल्टडाउनला माणसाचा पूर्वज सापडला म्हणून गाजावाजा झाला, ती माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा होता, दात कानशीनं घासलेले, हे बाहेर यायला १९५३ उजाडलं! असल्या शोधांवर इतिहास उभा करायचा नाही, माझं स्पष्ट मत.

वडगाव गल्ली:
पण ते पकडलं कुणी? शास्त्रज्ञांनीच ना, हाडातलं फ्लोरिन मोजून. हाड जमिनीत जितकं जास्त दिवस राहतं तितकं ते फ्लोरिन शोषतं. आमच्या बेळगावातल्या वडगाव-माधवपूरला सातवाहन काळातलं शहर निघालं, ते एका मूर्तीवरनं ठरवलेलं नाही बगा. विटांची बांधकामं, नाणी, खापरं, सगळं थरात सापडलं. एक नाणं कुणी आणून टाकेल, अख्खा थर कोण टाकणार?

खानापूरचा वाटसरू:
थरातबी टाकतात. जपानात फुजिमुरा म्हणून एकजण होता, जिथं खणेल तिथं लाखो वर्षांची दगडी हत्यारं निघायची, शाळेच्या पुस्तकात गेली ती. २००० साली माइनिची पेपरवाल्यांनी तो स्वतः हत्यारं पुरताना फोटो काढला. पेपरवाल्यांनी, शास्त्रज्ञांनी नाही!

निप्पाणीकर:
दोघंबी एक गोष्ट सोडताय. तुमच्याच खानापूर तालुक्यात हलशीला कदंब राजांचे ताम्रपट सापडले, त्यात पलाशिका हे हलशीचं जुनं नाव येतं. जुने लेख वाचणारा इंग्रज अभ्यासक फ्लीट, त्यानं ते वाचून छापले. आणि त्याच फ्लीटनं कर्नाटकातल्या गंग राजांच्या नावावरचे कितीतरी ताम्रपट बनावट आहेत म्हणून लिहून ठेवलं, का तर लिपी एका शतकाची आणि तारीख दुसऱ्याच शतकाची. म्हणजे खरं कुठलं, खोटं कुठलं हे तपासायची रीत शंभर वर्षं झाली आहे की. आपण ती वापरत नाही हे दुखणं आहे. आपल्याकडं शिलालेख निघाला की पहिला प्रश्न मराठी का कन्नड, आणि आपल्या बाजूचा असला की तपासायची कुणाला गरजच वाटत नाही. ही सवय मला फुजिमुरापेक्षा जास्त घातक वाटते, दोन्ही बाजूंची.

वडगाव गल्ली:
हे शंभर टक्के पटलं. बेळगाव किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर घ्या, रट्ट घराण्यातल्या चौथ्या कार्तवीर्य राजाच्या काळातली, १२०४ ची, लेखातच तारीख दिलेली. लेख कन्नडात आहे तर आहे, आपण मराठी म्हणून त्याला नाकारायचं काय कारण?

खानापूरचा वाटसरू:
नाकारत नाही ओ मी. तारीख लेखातच असली तर माझी तक्रार नाही, आणि तिथले दोन लेख तर ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, कुणीबी जाऊन वाचावं. मी बोलतोय ते नांगराला लागलं, पायाला खणताना निघालं आणि लगेच देवळात नेऊन शेंदूर फासला त्याबद्दल. कुठल्या खोलीवर होतं, बाजूला काय होतं, कुणी फोटो काढला? काय नाही. त्याला दोन हजार वर्षं मी तरी म्हणणार नाही.

निप्पाणीकर:
मग तुमचं भांडण उत्खननाशी नाहीच, उत्खनन न करण्याशी आहे.

खानापूरचा वाटसरू:
दोन्हीशी आहे. फुजिमुरा उत्खननच करत होता.