विषय: शनिवारच्या स्टॉलचा बोर्ड – तातडीचे

नितीन (कार्यक्रम समिती):
मंडळी, बोर्ड आज रात्री छपाईला जातोय. ‘मेंदी आणि टॅटू’ या मथळ्यावर हरकत आली आहे. फोन करणाऱ्यांचं म्हणणं, मुस्लिम कुटुंबं येणार आहेत, त्यांना हे चालत नाही, तर स्टॉलच रद्द करा. मेंदीसकट काढू का? नऊच्या आत सांगा. गेल्या वेळचं रांगोळीचं रामायण पुन्हा नको.

विद्या:
मेंदी सांस्कृतिक विभागाकडे आहे, ती निघणार नाही. टॅटू युवा विभागाचे. ते काढा, प्रश्न मिटला.

रोहन (युवा विभाग):
विद्यामावशी, दोन्ही एकाच टेबलावर ठेवा हे तुमच्याच मेलमध्ये होतं. आणि आमचे स्टिकर आहेत, सुईचे टॅटू नाहीत. दोन दिवसांत जातात. जे टिकत नाही त्याला कोण कशाला हरकत घेईल?

शमीम:
फोन करणाऱ्यांनी आधी आमच्यापैकी कुणाला तरी विचारायचं होतं. मेंदी रद्द झाली तर सगळ्यात आधी मीच भांडायला येईन.
गोंदणाऱ्या आणि गोंदवून घेणाऱ्या बाईवर लानत, म्हणजे शाप, असल्याची हदीस (पैगंबरांचं वचन) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. म्हणून सुन्नी उलेमा, म्हणजे धर्मपंडित, कायमचा टॅटू हरामच मानतात. कुराणातल्या सूरह निसाच्या ११९व्या आयतीत सैतान म्हणतो, मी माणसांना अल्लाहची निर्मिती बदलायला लावीन. तिचाही आधार देतात. मेंदी यात येत नाही. उलट पिकलेल्या केसांना मेंदी आणि कतम (रंग देणारी एक वनस्पती) लावणं उत्तम, असं तिर्मिझी आणि अबू दाऊद या हदीससंग्रहांत आहे.
रोहन, टिकण्या-न टिकण्यावर सगळं ठरत नाही. वजू, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुणं, करताना पाणी कातडीला लागलं पाहिजे. मेंदीचा नुसता रंग उरला तर अडत नाही, वाळलेला लगदा मात्र काढावा लागतो. तुझ्या स्टिकरचा पातळ पापुद्रा कातडीवर बसतो, पाणी खाली जात नाही. म्हणजे स्टिकर लावायला हरकत नाही, पण नमाजआधी तो खरवडायला हवा. खऱ्या टॅटूची शाई कातडीच्या आत असते, त्यामुळे करणं हराम असलं तरी वजू होते! लहान मुलांवर नमाज फर्ज (बंधनकारक) नाही, त्यांचं आईबाप बघतील. मोठ्यांसाठी टेबलावर तेल आणि कापूस ठेवा.

अण्णा:
शमीमताई, माझ्या ऑफिसात एक इराणी गृहस्थ होते. दंडभर टॅटू, आणि नमाज एकदाही चुकवला नाही. तो काय मग खोटा मुसलमान? उगाच मंडळाला घाबरवू नका.

शमीम:
अण्णा, खोटा कशाला असेल? ते शिया असतील. त्यांचे मोठे धर्मगुरू, नजफचे आयतुल्ला सिस्तानी, टॅटूला मुळात मनाई करत नाहीत. आणि सुन्नींमध्येही आधी काढलेला टॅटू मिटवताना इजा होणार असेल तर तौबा, म्हणजे मनापासून पश्चात्ताप, पुरते. टॅटू आहे म्हणून नमाज सोडा, असं कुणीच सांगत नाही.

सुषमा (डॉक्टर):
धर्माचं तुमचं चालू द्या. कोन कुठले आणलेत? मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. त्याचा रंग आधी नारिंगी, मग तपकिरी होतो आणि कातडीचा वरचा थर झडला की जातो. तासाभरात काळाकुट्ट रंग देणाऱ्या कोनात बहुधा पॅराफेनिलीनडायअमाईन हे रसायन असतं. युरोपीय संघात ते केसांच्या रंगात २ टक्क्यांपर्यंतच चालतं, कातडीवर अजिबात नाही. माझ्याकडे एक मुलगी आली होती, मनगटावर वेलबुट्टी होती तशीच्या तशी फोडांची रांग. पुढे तिला साधा केसांचा रंगही सोसेना. काळे कोन दिसले तर मी स्वतः उचलून टाकीन.

विद्या:
सुषमा, कोन सांस्कृतिक विभाग आणतो आणि दर वेळी ताजी मेंदी भिजवून मीच भरते. काळे कोन युवा विभागाच्या पिशवीत असतील तर बघ.

रोहन:
आमच्या पिशवीत फक्त स्टिकर आहेत. बरं, मुलग्यांनी मेंदी मागितली तर काढायची का?

शमीम:
केस-दाढीला चालते, औषध म्हणूनही चालते. पुरुषांच्या हातापायांवर निव्वळ शोभेची बहुतेक उलेमा नको म्हणतात. पण तू दारात उभा राहून फतवे देऊ नकोस. ज्याचं तो ठरवील, फार तर बरोबरच्या मोठ्यांना विचार. आणि स्टिकरांतले सिंह-गरुड बाजूला काढ. सजीवांची चित्रं अनेकांना खटकतात. चांदण्या, फुलं राहू देत.

नितीन:
बोर्ड असा जातोय: ‘मेंदी (फक्त पानांची)’ आणि त्याखाली ‘स्टिकर, तेलाने निघणारे’. ‘टॅटू’ हा शब्द गेला. टेबलं दोन.

अण्णा:
दुसरं टेबल कुठून आणणार? मागचं अजून माझ्या गॅरेजात आहे, त्याचा पाय मोडलाय हे तीनदा लिहून झालं.

विद्या:
पहिलं टेबल मेंदीचं. आताच सांगून ठेवते.