शेपटीवाल्याला कायम साथीदाराचंच काम का?

पाणमांजर (धागाकर्ता)

मास इफेक्ट या व्हिडिओ गेमचा पहिला भाग २००७ मध्ये आला. आकाशगंगाभर पसरलेल्या जमाती, प्रत्येकीचं शरीर निराळं, इतिहास निराळा, बोलण्याची ढब निराळी. सलारियन जेमतेम ४० वर्षं जगतात, असारी १००० वर्षं. आणि हे सगळं ज्याच्या डोळ्यांनी बघायचं तो शेपर्ड कोण? माणूस, तोही सैनिक. गॅरस, रेक्स, मॉर्डिन हे परग्रहवासी साथीदार खेळाडूंचे लाडके, पण त्यांची जागा नायकाच्या दोन पावलं मागे. तिसऱ्या भागाच्या मल्टिप्लेयरमध्ये (अनेकांनी मिळून खेळायचा प्रकार, २०१२) क्रोगन, ट्युरियन, सलारियन होऊन लढता आलं, म्हणजे ती शरीरं खेळाडूच्या हातात देणं जमत होतं. गोष्ट मात्र माणसाचीच राहिली.

माझं म्हणणं: गेममध्ये आणि कादंबऱ्यांतही माणूस नसलेले नायक खूप जास्त हवेत. फक्त मुखवटा बदलून चालणार नाही. शरीर बदललं की जगाचे नियम बदलले पाहिजेत.

उदाहरण देतो. २००२ च्या मॉरोविंड या गेममध्ये खजीत (मांजरासारखी जमात) आणि आर्गोनियन (सरड्यासारखी) यांना बूट घालता येत नसत, तोंड झाकणारं शिरस्त्राणही बसत नसे. पायच तसे, जबडाच तसा. एखादे उत्तम जादूचे बूट सापडले तरी ते विकून टाकायचे. त्या एका गैरसोयीमुळे दर तासाला आठवण व्हायची की आपण माणूस नाही, आणि हे चिलखत बनवणाऱ्याने आपला विचारच केलेला नाही. त्याच मालिकेतल्या २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये ते बंधन उठलं. सगळ्यांची सोय झाली आणि खजीत म्हणजे मांजराचं डोकं लावलेला माणूस उरला. मला तो बदल आजही सलतो.

याच्या उलट टोकाला १९९२ चा एको द डॉल्फिन. पाण्याखाली कितीही महत्त्वाचं काम चालू असो, श्वास घ्यायला वर यावंच लागतं. वाट शोधायची ती आवाज सोडून आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून. तिथे श्वास हीच कथा आहे. कुठल्याही संवादाने हे साधलं नसतं.

तुम्हाला काय वाटतं?

---

रात्रपाळी

धागा आवडला, मत अजिबात पटलं नाही.

लोकांना पर्याय दिला तर ते काय निवडतात हे आपल्याला माहीत आहे. बाल्डर्स गेट ३ हा गेम ऑक्टोबर २०२० मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच खेळायला) आला, तेव्हा लारियन स्टुडिओने खेळाडूंनी बनवलेल्या पात्रांमध्ये सगळ्यांत जास्त निवडलेली वैशिष्ट्यं एकत्र करून एक चेहरा प्रसिद्ध केला. निघाला अगदी साधासुधा माणूस. स्टुडिओने नाराजी लपवली नाही: आम्ही तुम्हाला शिंगं दिली, शेपट्या दिल्या, राक्षसी डोळे दिले आणि तुम्ही हे केलंत? मी त्या खेळाडूंच्या बाजूने आहे. अनोळखी जगात शिरताना एक तरी गोष्ट ओळखीची हवी असते आणि ती गोष्ट म्हणजे आपण स्वतः.

दुसरं म्हणजे नायक कशाने होतो? निवडीने. दोन वाईट पर्यायांतला एक घ्यायचा आणि त्याचं ओझं वाहायचं. डॉल्फिनला श्वास लागतो हे मान्य, पण त्याला पश्चात्ताप होतो का? पश्चात्ताप दाखवलात तर तो डॉल्फिन राहत नाही. नाही दाखवलात तर माझ्या हातात फक्त एक वाहन उरतं.

आणि स्ट्रे (२०२२) बघा, जो या विषयात हटकून पुढे केला जातो. खेळला नसेल तर हा परिच्छेद सोडा. नायक मांजर आहे, पण यंत्रमानवांचं बोलणं त्याला कळत नाही, म्हणून पाठीवरच्या पिशवीत बी-१२ नावाचा ड्रोन दिला आहे. तो भाषांतर करतो, वस्तू सांभाळतो, दारं उघडतो. पुढे कळतं की त्या ड्रोनमध्ये एका माणसाचीच जाणीव आहे. म्हणजे मांजराच्या पाठीवर शेवटी माणूसच बसलेला निघाला. बनवणाऱ्यांनाही त्याच्याशिवाय गोष्ट पुढे नेता आली नाही.

---

काजवा२१

बी-१२ बद्दलचा मुद्दा जबरदस्त आहे, मीही तो गेम संपवल्यावर याच विचाराने अस्वस्थ झाले होते. पण मला त्यातलं आठवतं काय? सोफ्यावर नखं घासणं. कुठेही अंग मुडपून झोपणं आणि तेव्हा कॅमेऱ्याचं हळूहळू लांब जाणं. म्याव करण्यासाठी वेगळं बटण. यातल्या बहुतेक गोष्टींनी कथा इंचभरही पुढे सरकत नाही. तरी त्या केल्याशिवाय राहवत नाही. 'उपयोग नसलेली कृती' मानवी नायकाला अशी कोण देतं? त्याला सतत मोहिमेवर पिटाळलेलं असतं.

---

चौथी_फ्रेम

मी गेमच्या ॲनिमेशनमध्ये काम करतो, तर थोडं आमच्या बाजूचं.

दोन पायांच्या पात्राचं चालणं, पळणं, चढणं यासाठी साठवलेल्या हालचालींचा प्रचंड साठा असतो. नट मोशन कॅप्चरचा (हालचाली टिपणारा) सूट घालतो, काम होतं. चार पायांत सगळं नव्याने. वेग वाढला की नुसती गती वाढत नाही, पावलांचा क्रमच बदलतो. चालताना चार पाय चार वेगळ्या ठोक्यांवर पडतात, दुडक्या चालीत तिरप्या बाजूंचे पाय (एक पुढचा, एक मागचा) जोडीने पडतात, चौखूर धावताना मध्ये एक क्षण चारही पाय हवेत. एका चालीतून दुसरीत जाताना खेळाडूला खटका जाणवता कामा नये. वळताना कणा वाकला पाहिजे. उतारावर चारही पावलं जमिनीला वेगवेगळ्या उंचीवर टेकली पाहिजेत. त्यात कॅमेरा खाली आला की गवताचं पातंसुद्धा दृश्य अडवतं.

शेपटी हा तर स्वतंत्र विषय. ती झग्यातून आरपार जाते, खुर्चीतून जाते, दुसऱ्या पात्राच्या पोटातून जाते.

म्हणून पैसे लावणारे कचरतात. पण यातूनच मी पाणमांजर यांच्या बाजूला आलो आहे. साथीदार म्हणून दिलेल्या लांडग्याला कामाचे दिवस उरलेसुरले मिळतात. तो वळताना जागच्या जागी फिरतो, जिन्यावर तरंगतो, सगळ्यांना दिसतं आणि सगळे सोडून देतात. नायकाच्या बाबतीत कोणी सोडून देत नाही. चांगला लांडगा बघायचा असेल तर त्याला नायकच करावं लागेल.

---

अधोरेखित

मी कथा-कादंबऱ्यांच्या बाजूने बोलते, आणि विरोधातच बोलते.

थॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने १९७४ च्या एका निबंधात विचारलं होतं की वटवाघूळ असणं म्हणजे वटवाघळाला कसं वाटत असेल. मी वटवाघळासारखी उलटी लटकले तर मला कळेल ते 'मी वटवाघूळ झाले तर मला कसं वाटेल' एवढंच. ही भिंत लेखकाला ओलांडता येत नाही. म्हणून बोलणारा कोल्हा हा पंचतंत्रापासून आजवर माणूसच आहे. त्यात कमीपणा नाही, ती गोष्ट माणसाबद्दलच सांगायची होती. पण 'अमानवी नायक' म्हणून त्याला वेगळं श्रेय कशाला?

माझा यापेक्षा मोठा आक्षेप दुसराच आहे. ज्या माणसांना अजून नायकपद मिळालेलं नाही त्यांचं काय? २००९ मध्ये डिस्नेने पहिली कृष्णवर्णीय राजकन्या आणली आणि चित्रपटाचा बराच मोठा भाग ती बेडूक होती. त्यावर टीका झाली ती योग्यच होती. कातडीचा रंग, अपंगत्व, वय यांबद्दल सरळ बोलायचं धाडस नसलं की लेखक परग्रहवासी काढतो, त्याच्यावर अन्याय दाखवतो आणि आपण विषय हाताळला असं मानतो. आधी सगळ्या माणसांना येऊ द्या, मग लांडग्यांचं बघू.

---

पाणमांजर

अधोरेखित, दुसरा आक्षेप मला अर्ध्याहून जास्त मान्य आहे. माणसाच्या दुःखाला बेडकाचं कातडं चढवणं ही पळवाट आहे आणि त्याच्या बाजूने मी एक शब्दही बोलणार नाही. पण रांगेचा हिशोब पटत नाही. लांडग्याने जागा घेतली तर ती त्याच त्या तिशीतल्या, दाढीचे खुंट वाढलेल्या, शस्त्रधारी पुरुषाची घेईल. त्याच्याकडे जागा भरपूर आहे.

नेगेलबद्दल. भिंत आहेच. पण तिच्याजवळ किती जायचं हे लेखकाच्या हातात असतं. वॉटरशिप डाउन (१९७२) या कादंबरीतल्या सशांना फक्त चारपर्यंत मोजता येतं. त्यापुढचं सगळं एकाच शब्दात, पाच असोत की पाचशे. भीतीने जागच्या जागी थिजण्यालाही त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे. ते ससे बोलतात, वाद घालतात, माणसासारखेच वागतात हे खरं. पण 'शत्रू किती आहेत' याचं उत्तर 'चारपेक्षा जास्त' एवढंच असणारं मन वाचताना माझ्या डोक्यातला काहीतरी खिळा निखळला. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' आहे, १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. वानरांच्या टोळ्या, त्यांच्यातला संघर्ष. तिथे वानरांकडून माणसांना बोध द्यायची घाई नाही. म्हणूनच ती पंचतंत्राच्या कपाटात बसत नाही.

आणि चिल्ड्रन ऑफ टाइम (२०१५) ही कादंबरी. आठ पायांच्या कोळ्यांची संस्कृती. मादी मोठी आणि सत्ताधारी, नर लहान, आणि मादीने नराला मारून खाल्लं तर त्यात कोणाला वावगं वाटत नाही. अशा समाजात नरांनी जगण्याचा हक्क मागायचा. हा झगडा माणसाच्या झगड्याची नक्कल नाही, तो कोळ्याच्या शरीरातून उगवतो. तरी वाचताना आपल्या घशाशी येतं.

मला अजून न झालेला एक गेम हवा आहे: ऑक्टोपसचा. त्याच्या सुमारे ५० कोटी मज्जापेशींपैकी जवळपास दोन तृतीयांश भुजांमध्ये असतात. म्हणजे खेळाडूने हुकूम दिला आणि भुजेने तो आपल्या परीने पाळला किंवा नाही पाळला, असं नियंत्रण. ऑक्टोडॅड या गेममध्ये भुजांचा गोंधळ आहे, पण तिथे सगळी खटपट माणूस म्हणून खपून जाण्याची आहे.

---

रात्रपाळी

ऑक्टोपसचा गेम मी विकत घेईन. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. यातलं कोण निवड करतं आणि तिचं ओझं वाहतं?

---

काजवा२१

याचं उत्तर माझ्याकडे तत्त्वज्ञानाचं नाही, एका संध्याकाळचं आहे.

शेल्टर नावाचा २०१३ चा लहानसा गेम. तुम्ही बॅजर (बिळात राहणारा एक प्राणी) आई. मागे पाच पिल्लं, प्रत्येकाच्या अंगावरचा पट्टा वेगळा. कंद उकरायचे, बेडूक पकडायचे, तोंडातला घास एका वेळी एकाच पिल्लापुढे टाकायचा. ज्याला बराच वेळ मिळालं नाही त्याचा रंग फिका पडत जातो. आकड्यांच्या पट्ट्या नाहीत, सूचना नाहीत. वर शिकारी पक्षी घिरट्या घालतो. उघडं मैदान पार करायचं तर उंच गवताच्या एका पुंजक्यातून दुसऱ्यात पळायचं.

माझ्याकडे एकच कंद होता. एक पिल्लू फिकं पडलं होतं आणि सगळ्यांत मागे रेंगाळत होतं. दुसरं धट्टंकट्टं, पुढे घुसून तोंड उघडून उभं. मी फिक्याला द्यायला वळले, पण धट्ट्याने पटकावलं. पुढच्या मैदानात सावली पडली, आम्ही पळालो, गवतात शिरल्यावर मी मागे वळून मोजलं. चार.

एक शब्दही कोणी बोललं नाही. बॅजरला पश्चात्ताप झाला की नाही मला माहीत नाही, तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. तो मला झाला. रात्रपाळी, तुम्ही म्हणता पश्चात्ताप दाखवला नाही तर वाहन उरतं. पण आई माणूस असती, रडली असती, तर तिने माझ्या वतीने रडून घेतलं असतं.

---

रात्रपाळी

हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. 'माझ्या वतीने रडून घेतलं असतं' हे मला खोडता येत नाही.

तरी इतकं म्हणेन: ते दोन-तीन तासांच्या गेममध्ये चालतं. ऐंशी तासांची कथा, राजकारण, जुनी वैरं, दिलेली वचनं, हे सगळं मुक्या प्राण्यावर पेलेल असं वाटत नाही. तिथे बोलणारा नायक लागतो, आणि बोलणारा म्हणजे पुन्हा अधोरेखित म्हणतात तसा माणूसच.

---

चौथी_फ्रेम

रेन वर्ल्ड (२०१७) खेळून बघा, रात्रपाळी. नायक म्हणजे मुका स्लगकॅट (गोगलगाय आणि मांजर यांच्यासारखा कल्पित जीव), अन्नसाखळीच्या बराच खाली. पावसाआधी पोट भरायचं आणि आडोसा गाठायचा. तिथले सरडे तुमच्यासाठी ठेवलेले शत्रू नाहीत, ते आपसांत भांडतात, दुसऱ्यांची शिकार करतात, तुम्ही नसतानाही त्यांचं चालू असतं. दोन-तीन तासांत संपणारा तर नक्कीच नाही.

---

पाणमांजर

बोलणाऱ्या नायकाबद्दल, आणि ओझं कोण वाहतं याबद्दलही, पुन्हा मास इफेक्टकडेच जातो. तिसरा भाग खेळायचा असेल तर इथे थांबा.

मॉर्डिन सोलस सलारियन आहे. क्रोगन जमातीची प्रजा खुंटवणारा जो रोग पसरवला गेला होता, त्याला नव्याने धार देण्याच्या कामात हा शास्त्रज्ञ होता. दुसऱ्या भागात तो त्या कामाचं हिरिरीने समर्थन करतो, आकडेमोडीसकट. तिसऱ्या भागात तोच उपाय तयार करतो आणि तो सोडण्यासाठी स्फोटांनी कोसळत्या मनोऱ्यात वर जातो. आयुष्यच ४० वर्षांचं असलेल्या जमातीतला म्हातारा, चूक दुरुस्त करायला वेळ जवळजवळ न उरलेला. निवड, ओझं, पश्चात्ताप, तुम्ही नायकासाठी मागितलेलं सगळं त्याच्याकडे आहे. तो बोलतोही, तुटक वाक्यांत, घाईने, कारण त्याच्या जमातीचं मनच त्या वेगाने चालतं.

आणि त्या क्षणी बटण कोणाच्या हातात असतं? शेपर्डच्या. मॉर्डिनला जाऊ द्यायचं की पाठीत गोळी घालायची, हे खाली उभा असलेला माणूस ठरवतो. मी त्याला जाऊ दिलं. लिफ्ट वर गेली आणि मी खालीच उभा राहिलो. मला त्या लिफ्टमध्ये असायचं होतं.