प्रागचे राष्ट्रीय नाट्यगृह : आधी मंडळी की आधी वास्तू?

प्रश्न (रावपुरा, बडोदे)
आमच्या मंडळात संगीत नाटकावर व्याख्यान द्यायचे आहे आणि त्यात प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचा दाखला द्यावा असे मनात आहे. मात्र उद्घाटनाच्या दोन तारखा वाचनात आल्या : ११ जून १८८१ आणि १८ नोव्हेंबर १८८३. यांतील खरी कोणती? शिवाय तेथील ऑपेरा मंडळी वास्तूसाठी उभी केली, की वास्तू मंडळीसाठी?

उत्तर १
दोन्ही तारखा खऱ्या आहेत. ऑस्ट्रियाचे युवराज रुडॉल्फ यांच्या भेटीनिमित्त वास्तू अपुरी असतानाच पडदा उघडला. थोडे प्रयोग झाल्यावर उरलेल्या कामासाठी ती बंद ठेवली असता १२ ऑगस्ट १८८१ रोजी आग लागली आणि घुमट, प्रेक्षागार, रंगमंच सारे जळाले. लोकांनी पुन्हा वर्गणी काढली आणि सत्तेचाळीस दिवसांत दहा लाख फ्लोरिन (तेव्हाचे ऑस्ट्रियन चलन) जमले. दोन्ही उद्घाटनांना चेक संगीतकार स्मेतानांचा ‘लिबुशे’ हाच ऑपेरा झाला. तो १८७२ मध्येच लिहून झाला होता, पण याच प्रसंगासाठी राखून ठेवला होता. पडदा उघडला तेव्हा मात्र स्मेताना पूर्ण बहिरे झाले होते. आपलेच सूर त्यांना ऐकू आले नाहीत, हे वाचताना आजही जीव कळवळतो.

उत्तर २
मंडळी आधीची. १८६२ मध्ये त्याच जागेलगत तात्पुरते नाट्यगृह सुरू झाले. स्मेताना तेथे १८६६ ते १८७४ प्रमुख संगीत-संचालक होते आणि पुढे संगीतकार म्हणून गाजलेले द्वोर्झाक वाद्यवृंदात व्हायोला वाजवीत. प्रतिष्ठितांचा व्यवहार जर्मन भाषेत चालत असताना चेक भाषेत गाणारे नट आणि ते ऐकायला येणारा प्रेक्षक येथेच तयार झाला. म्हणूनच रंगमंचाच्या कमानीवर कोरलेली ‘राष्ट्राकडून स्वतःला’ ही अक्षरे मला खरी वाटतात. पुढे ती जुनी इमारतही नव्या वास्तूत सामावून घेतली गेली.

उत्तर ३ (दांडिया बाजार, बडोदे)
व्याख्यानात एक भर घालावी. प्रागच्या पहिल्या उद्घाटनाच्या जेमतेम सात महिने आधी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगले होते. आपल्या मंडळ्या मात्र बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरल्या आणि राजाश्रयावर तगल्या. गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय लाभला, तो याच शहरातून. माझे आजोबा हौशी प्रयोगांना पायपेटीची साथ करीत. त्या पेटीच्या भात्याचे चामडे तडकले होते, ते नुकतेच बदलून घेतले आहे. मधल्या सप्तकाच्या पट्ट्या बोटांनी झिजून खोलगट झाल्या आहेत, पण सूर चोख लागतो. व्याख्यानाच्या दिवशी हवी असल्यास पेटी मी स्वतः आणून देईन.