सांगलीजवळ मुलीला घेऊन सायकल चालवता येईल असा सपाट, बिनगाड्यांचा रस्ता आहे का?

विश्रामबागची_आई

नमस्कार. मी विश्रामबागला राहते. दिवाळीत मुलीला गिअरची सायकल घेतली, ती आठवीत आहे. तिच्याबरोबर जाता यावं म्हणून मीही माझी माळ्यावरची सायकल खाली काढून दुरुस्त करून घेतली. रविवारी पहाटे आम्ही दोघी मिरज रस्त्यानं जाऊन यायचो. तीन आठवड्यांपूर्वी एक वडाप (प्रवासी जीप) इतक्या जवळून पुढं गेला की त्याचा आरसा तिच्या हँडलला घासला. ती पडली नाही. पण घरी आल्यावर तिनं सायकल जिन्याखाली लावली आणि म्हणाली, “आई, आता नको.” तेव्हापासून सायकल तिथंच आहे.

ती तशीच गंजावी असं मला वाटत नाही. वीस-तीस किलोमीटरचा, चढ नसलेला, मागून गाडी येईल म्हणून मान वळवायला लागणार नाही असा रस्ता कुणाला माहीत आहे का? नदीच्या बाजूचा असेल तर फार बरं, तिला पक्षी आवडतात. नदीकाठी मगरी असतात त्याचं काय करायचं, तेही सांगा. माझ्या सायकलचे टायर जाड आहेत, तिचे बारीक.

हरिपूरचा_पार

ताई, सुरुवात हरिपूरपासून करा. सांगलीतून जेमतेम तीन-चार किलोमीटर आहे. संगमेश्वराच्या देवळाच्या घाटावर बसलं की समोर वारणा कृष्णेला मिळताना दिसते. पहाटे साडेपाच-सहाला रस्ता मोकळा असतो, आठनंतर नसतो. वाटेत ज्या शेतांत हळदीची पेवं होती ती मुलीला दाखवा. जमिनीत खोल खड्डा घेऊन त्यात वर्षानुवर्षं हळद ठेवायचे. 2005 च्या पुरात पाणी पेवांत शिरलं आणि भरलेली हळद गेली. माझ्या आजोबांचं एक पेव होतं, आता ते बुजवलंय. पण तुम्हाला हवा तेवढा लांबचा रस्ता हा नव्हे, भीती मोडायला मात्र चांगला.

वारणाकाठ

ताई, मी कवठेपिरानच्या शिवारातला. 1980 च्या सुमाराला दोन किटल्या लावून सायकलवर सांगलीत दूध घालायला यायचो. आता गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सायकल सांगितली, म्हणून त्याच रस्त्यावर परत आलोय. त्यामुळं या भागाबद्दल जरा जास्त लिहीन.

नकाशा काढून बघा. कृष्णा वरून येते, वारणा पश्चिमेकडून येते, आणि दोघी हरिपूरला मिळतात. त्या दोन नद्यांच्या मधली जी पाचर आहे, ती सगळी काळ्या मातीची आणि ताटासारखी सपाट. सांगलीवाडी, समडोळी, कवठेपिरान, दुधगाव, तुंग, कसबे डिग्रज ही गावं त्यात येतात. गावं उंचवट्यावर आणि रान खाली. दरवर्षी पुराचं पाणी खालच्या रानात येतं, म्हणून तिथं ना वस्ती झाली, ना हॉटेलं, ना गोदामं. तुम्हाला जो रस्ता हवाय तो या पाण्यानं मोकळा ठेवलाय.

आयर्विन पुलावरून निघा. 1929 चा पूल आहे. त्याच्याजवळ पाण्याची पातळी मोजतात आणि पावसाळ्यात सगळा जिल्हा त्या आकड्याकडं डोळे लावून असतो : 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 ला 57 फुटांच्या वर गेलं होतं. मुलीला तिथं थांबवून सांगा, की तू ज्या शेतांतून आता जाणार आहेस ती सगळी त्या वेळी पाण्याखाली होती. मग सायकल चालवताना तिला रान वेगळं दिसेल.

सांगलीवाडी पार केली की इस्लामपूरचा मोठा रस्ता सोडून समडोळीकडं वळा. मोठ्या रस्त्यावर एक मिनिटही राहू नका. समडोळी, मग कवठेपिरान. आमचं गाव हिंदकेसरी मारुती माने यांचं, तेव्हा तालमीसमोरून जाताना जरा हळू जा. तिथून तुंगकडं निघालात की मोठा रस्ता पुन्हा आडवा येतो. तिथं दोघींनी उतरून, सायकल हातात धरून तो ओलांडायचा. पलीकडं डिग्रजच्या बाजूनं आतल्या रस्त्यांनी परत सांगलीवाडी. सगळं मिळून तीसेक किलोमीटर होईल. पहिल्यांदा एवढं करू नका, समडोळीपर्यंत जाऊन परत या.

आता वेळेचं. बिनगाड्यांचा रस्ता म्हणून असा वेगळा नसतो, बिनगाड्यांची वेळ असते. सध्या गळीत हंगाम चालू आहे. टोळ्या सकाळी ऊस तोडतात, दुपारी भरणी होते आणि दिवस कलला की ट्रॉल्या रस्त्याला लागतात. जोडट्रॉलीच्या मागं दिवा असेलच असं नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो. म्हणून हंगामात उजाडल्यावर निघायचं आणि साडेनवाला घरी. संध्याकाळी अजिबात नको. रस्त्यावर पडलेलं वाडं (उसाचे शेंडे) आणि पाचट (वाळलेला पाला) दवानं ओलं असेल तर त्यावर ब्रेक मारू नका, बारीक टायर सटकतो.

पाणंदीत शिरायचा मोह होईल. डांबरी सोडून नदीकडं जाणाऱ्या वाटा सुंदरच आहेत, दोन्ही बाजूंना ऊस आणि वर फक्त आभाळाची पट्टी. पण काळी माती आहे ती. पाऊस होऊन गेल्यावर किंवा कुणी रानाला पाणी पाजलेलं असेल तर चाक आणि मडगार्डच्या मध्ये माती अशी थापली जाते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पेरणीला जसा वाफसा बघतो तसा पाणंदीचाही बघायचा. मातीत बूट रोवून बघा. ठसा उमटला पण माती तळाला चिकटली नाही, तर जा.

मगरींचं विचारलंत ते बरं केलंत. आमच्याकडं सुसर म्हणतात. कृष्णेत डिग्रजपासून वर ब्रह्मनाळ, भिलवडी, औदुंबरपर्यंत आहेत. थंडीत ऊन वर आलं की मळीवर (नदीकाठच्या गाळावर), वाळूवर अंग शेकत पडतात. त्या रस्त्यावर येत नाहीत. आपण पाण्याच्या कडेला जायचं नाही, एवढंच. हातपाय धुवायला, बाटली भरायला, फोटो काढायला उतरायचं नाही. बंधाऱ्यावर मुलीला एकटीला सोडू नका, ते सुसरीपेक्षाही पाण्याच्या ओढीसाठी.

आणि एक सांगायचं होतं, सगळ्यात जास्त त्याच्यासाठीच लिहायला बसलो. कवठेपिरान ते दुधगाव या पट्ट्यात तुम्हाला पाणकणसाची (पाणथळ जागी वाढणाऱ्या उंच गवताची) बेटं दिसतील, त्यात बगळे, पाणकोंबड्या. फार देखणं दिसतं. ते तळं नाही, ते कुणाचं तरी रान आहे. उसाला वर्षानुवर्षं पाटपाणी दिलं, काळ्या जमिनीतून ते खाली निचरलं नाही, भूजल वर आलं आणि त्याबरोबर क्षार वर आले. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरं मीठ फुलतं. आधी ऊस पिवळा पडतो, मग उगवणच थांबते, मग पाणकणीस येतं. आमची दोन एकर अशीच गेली. ज्या बांधावर मी किटल्या टेकवायचो तिथं आता शेकाटे (लांब पायांचे पाणपक्षी) उभे असतात. वडिलांनी शेवटची पाच वर्षं त्या बाजूला जाणं सोडलं होतं. आता काही गावांत जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून साठलेलं पाणी ओढ्यात काढून देतात, त्यानं रानं परत पिकायला लागली आहेत. खर्च मोठा आहे आणि शेजारच्या सगळ्यांनी मिळून केलं तरच उपयोग होतो, कारण पाणी बांध बघत नाही.

मुलीनं पक्षी जरूर बघावेत. बांधावर कुणी म्हातारा बसलेला दिसला तर “रान कुणाचं?” म्हणून विचारावं. तो सांगेल.

भोवत्या

काकांनी लिहिलंय त्यात माझ्याकडून थोडं पक्ष्यांचं. त्याच पट्ट्यात थंडीत मला दिसलेले : शेकाट्या, चित्रबलाक, राखी बगळा, मोर शराटी, तुतवार, धोबी. तोडलेल्या उसाच्या रानावरून जमिनीलगत, पंख थोडे वर धरून तरंगत जाणारा शिकारी पक्षी दिसला तर तो भोवत्या. हिवाळी पाहुणा आहे, ऊस उभा असताना दिसायला अवघड. चक्रवाक नदीपात्रात वाळूवर जोडीनं असतात, नारिंगी रंगामुळं लांबूनही ओळखू येतात.

सायकलवरून पक्षी चालत जाण्यापेक्षा जवळून बघता येतात, हा माझा अनुभव. पाय मारायचं न थांबवता सरळ पुढं गेलात तर बगळा हलत नाही. ब्रेक लावून थांबलात की उडतो. म्हणून पुढं जाऊन शंभरेक पावलांवर थांबा आणि तिथून दुर्बीण लावा.

कधी गाडीवर सायकली बांधून जायची तयारी असेल तर सातारा जिल्ह्यातलं मायणी करा. 2021 मध्ये ते संवर्धन राखीव क्षेत्र झालं. पण तो दुष्काळी माणदेशाच्या बाजूचा तलाव आहे, पाणी असेल त्या वर्षीच जाण्यात अर्थ. नदीकाठची ओल तिथं नाही.

सोल्यूशन_पॅच

टायरचं कुणी लिहिलं नाही म्हणून. बारीक टायर डांबरीवर चालेल, पाणंदीत नको. बांधावरच्या बाभळी छाटल्या की काटे रस्त्यावर येतात आणि तो काटा आत मोडून राहतो. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर दोन किलोमीटरवर परत पंक्चर. जवळ एक जादा ट्यूब, पंप आणि दोन टायर लिव्हर ठेवा. त्या गावांत रविवारी सकाळी सातला पंक्चरचं दुकान उघडं सापडत नाही. मुलीला घरीच दोनदा चाक काढून लावायला शिकवा. माझ्या पुतणीला ते जमायला लागल्यापासून ती एकटी लांब जाते.

डिसेंबर-जानेवारीत नदीच्या बाजूला धुई दाट असते. मागं लाल दिवा लावा, दिवसाही.

विश्रामबागची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रविवार झाले, म्हणून कळवते.

पहिल्या रविवारी फक्त हरिपूर. तिनं आधी नाहीच म्हटलं, मग घाटावर भडंग खायचं ठरल्यावर तयार झाली. काल आयर्विन पुलावरून समडोळीपर्यंत गेलो. धुई इतकी होती की पुलावरून खालचं पाणी दिसत नव्हतं. सांगलीवाडी सोडेपर्यंत ती माझ्या मागं, अगदी कडेनं चालवत होती आणि दुचाकीचा आवाज आला तरी पाय टेकवत होती. समडोळीच्या रस्त्याला लागल्यावर पंधरा मिनिटांत एक बैलगाडी आणि एक दुधाची मोटारसायकल, एवढंच. मग ती माझ्या पुढं गेली. मी मुद्दाम हाक मारली नाही.

वारणाकाठ काका, तुम्ही सांगितलं तसं बांधावरच्या एका आजोबांना तिनं विचारलं, “रान कुणाचं?” त्यांनी आधी आमच्या सायकली बघितल्या, मग आम्हाला. म्हणाले, “आमचंच की.” आणि मग अर्धा तास कुठल्या वर्षी कुठपर्यंत पाणी आलं ते काठीनं दाखवत होते. निघताना तिच्या हातात उसाचं कांडकं दिलं. पाणकणसाच्या कडेला तीन शेकाटे होते. तिनं वहीत लिहिलेत, पण खाली आजोबांच्या रानाचा गट नंबरसुद्धा लिहिलाय. का, ते मी विचारलं नाही.

पुढच्या वेळी कवठेपिरान करायचं आहे. तुंगजवळ मोठा रस्ता ओलांडायची मला अजून धास्ती वाटते.

वारणाकाठ

तुंगला जाऊच नका मग. कवठेपिरानला येऊन आल्या वाटेनं परत जा, साधारण तेवढंच अंतर पडेल. आमच्या गावाच्या अलीकडच्या ओतात (ओढ्याच्या खोलगट भागात) परवा पाइपलाइन फुटलीय, तिथं डांबरीवरही चिखल आलाय, मुलीला उतरून चालायला सांगा. येत्या रविवारी मी सातला तालमीसमोर असेन. पुढं दुधगावच्या बाजूला आमची ती दोन एकर आहे, तिच्या वहीसाठी दाखवतो.